ताटीचा पुढचा खांदा

मोहटोल्याच्या वाटेनं गाडी नेली का माह्ये बैल एका जागी उभे रायतात. तिथी पानी नाई, सावली नाई. सागाचा एक खांब तेवढा उभा हाये, बाकीचं घर कवाचंच पडलं. जुने बैल गेले, नवीन आनले, तेबी तिथीच थांबतात. माह्यी बायको म्हन्ते, एकाचं पाहून दुसरा शिकते, त्यात काय एवढं. असन बाप्पा. पन मी जे पाह्यलं ते सांगतो.

मी तवा मिशनच्या पाद्र्याची दमनी हाकत होतो. हलकी गाडी, वर तट्ट्याची सावली, मागं दवाईची पेटी. पाद्री साळवे नगरकडचा मानूस. उंच, वाळका, भर उन्हाळ्यात गळ्याले मफलर. त्याचं बोलनं मला-तुला, इथे-तिथे. जंगलातले लोक तोंड दाबून हासत. मोहटोल्यातली सुकरी तं म्हने, पाद्रीभाऊ बोलाले लागले का मले कचेरीत उभं केल्यासारखं वाटते. तो बी हासे. मी कुनबी, माह्या घरी खंडोबा-मारुती. मले त्यानं कधी येशूचं पानी घे, किरिस्ताव हो म्हनून म्हनलं नाई. मीच एकदा इचारलं, सगळ्याईले सांगता, मले काऊन नाई सांगत? त्यानं म्हनलं, "वारलू, तुला बैल हाकायला ठेवलंय. तुला हाकायला मला कुणी ठेवलेलं नाही."

त्याची एक पोरगी होती. थंडीतापानं गेली. लोकाईच्या लेकराईले कुनैनच्या गोळ्या वाटनारा मानूस, आन त्याच्याच घरी दवाई असून पोरगी वाचली नाई. बंगल्याच्या मागं मोहाखाली तिले पुरलं. तवापासून पुस्तक वाचता वाचता तो मधातच थांबे. लोकाईले वाटे चष्मा पुसून राह्यला.

आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला म्हनतात, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्याची गोष्ट. बैलाले आन मले काई फरक पडला नवता. मोह फुलला होता. मोहटोल्यात लालसू आन पोचू असे दोघं भाऊ, गोंड, थोडंसं धान, बाकी सारं जंगल. लालसू मोठा, कमी बोलनारा, एक गोष्ट ऐकली का आठ दिवस तोंडात घोळवनारा. पोचू लहान, रेड्यासारखा तगडा, आन जिभेले हाड नाई. सुकरी ही पोचूची बायको.

लालसू त्या साली येशूचं पानी घेनार होता. ईस्टर म्हनून त्याईचा सन येते, त्या दिवशी. पोचू त्याले चिडवे. म्हने, दादा, आता तुह्यं नाव काय ठेवतीन, लूक का फूक?

पोचूच्याच आंगनात आमी बसलो होतो. मोह वाळत होता, वासानं डोकं जड झालतं. पाद्र्यानं पहिल्या मानसाची गोष्ट सांगतली. देवानं बाग लावली, मधात एक झाड लावलं, आन सांगतलं, याचं फळ खाऊ नोका. त्याईनं खाल्लं. तिथून सारं दुख सुरू झालं.

पोचूनं हात वर केला, शाळेतल्या पोट्ट्यासारखा. म्हने, "पाद्रीभाऊ, मंग त्या झाडाले कुंपन काऊन नाई केलं? आमी काकडीचा एक वेल लावतो तं काटे आनून टाकतो. एवढा मोठा देव, त्याले काटे नाई भेटले?"

सगळे हासले. पाद्री बी हासला. मंग म्हने, "कुंपण घातलं असतं, पोचू, तर आत माणूस उरला नसता. ज्याला नाही म्हणताच येत नाही, त्याच्या हो म्हणण्याचं देवाला काय करायचं होतं?"

पोचूनं थोडा इचार केला. "बरं. कुंपन नाई ते नाई. मंग साप काऊन येऊ देल्ला?"

पाद्री मफलरीचं टोक बोटाले गुंडाळत बसला. मंग म्हने, "ते मला माहीत नाही. मीही त्याला रोज विचारतो."

पोचूले एवढी खुशी झाली का त्यानं साऱ्या गावात सांगतलं, पाद्र्यालेबी माहीत नाई, पाद्र्यालेबी माहीत नाई. लालसू मात्र हासला नाई. जाताना दमनीपाशी येऊन त्यानं मले हळूच इचारलं, वारलूभाऊ, तुह्या बैलाईनं कधी तुले नाई म्हनलं का? मी म्हनलं, रोजच म्हन्तात. म्हने, मंग तू काय करतेस? मी म्हनलं, शेपटी पिरगाळतो. तो मान हालवत गेला.

ईस्टरच्या जवळच पोचूले ताप आला. साधा नवता. लघवी काळी झाली, डोळे हळदीसारखे झाले. लालसूनं पाद्र्यानं शिकवली तशी गुडघे टेकून प्रार्थना केली, दिवसभर केली. सुकरी सांगे, त्याच्या गुडघ्याची साल निघाली, पन उठला नाई. आमाले बोलवाले मानूस धाडला, पन आमी नदीच्या पलीकडच्या गावात होतो. निरोप उशिरा भेटला. मधात गावातली मंगली बुढी आली. तिनं पोचूच्या कपाळावर हात ठेवला, कशाचा तरी काढा पाजला. दिवस उगवाच्या आत पोचू गेला.

मंगली म्हंजे गावाची सुईन. एकटी राये, कोंबड्याईच्या संगतीनं. नवरा गेलता, लेकरं बी राह्यले नवते. गावातले अर्धे मानसं तिच्याच हातावर जलमले, पोचू बी. पन एकटी बुढी, तिच्या हातचा काढा, आन तगडा मानूस सकाळी नाई. पुढचं कोनाले सांगाची गरज नाई. आमच्या कुनब्याच्या गावात बी हेच झालं असतं. आमी मांत्रिक बोलावला असता, एवढाच फरक.

त्या गावाची रीत वेगळी. तिथी मेल्यालेच इचारत. बांबूच्या ताटीवर मेलेला मानूस बांधला, चौघाईनं खांद्यावर घेतला, का गावाचा भुमक, म्हंजे पूजा सांगनारा बुढा, ताटीपुढं उभा राहून इचारे, कोनी खाल्लं तुले, म्हंजे कोनाच्या करनीनं मेला, दाखव. मंग ताटी आपल्यानं चाले. चौघं फक्त खाली असत. बहुत करून ती एखाद्या झाडापाशी जाई, नाल्यापाशी जाई. तिथल्या देवाचा कोप झाला असं समजत, कोंबडं कापत, झालं. मेला शांत, गाव शांत. मी असं पाह्यलं होतं, मले त्यात वाईट काई वाटलं नवतं. पन कधी कधी ताटी एखाद्या घरापुढं जाई. घराच्या खांबाले तिचा दांडा लागला, का निवाडा झाला. मंग त्या घरच्या मानसाले त्याच दिवशी जंगलात हाकलत. मांगं अशी एक बाई हाकलली होती. ती नाल्यात सापडली. कोनी तिले मारलं, का ती आपल्यानं मेली, कोनी इचारलं नाई.

आमी पोचलो तवा दुपार होती. ताटी उचललेली. पुढं डाव्या खांद्याले लालसू, उजव्याले मुखरू म्हनून त्याचा सोबती, मागं आनखी दोघं. झाडू नावाच्या भुमक बुढ्यानं इचारलं.

आता मी सांगतो ते माह्या डोळ्याचं. ताटी हालली. चौघं उभेच, पाय जमिनीवर, आन बांबू पुढं वाकला, जसं कोनी दोर लावून ओढावं. मंग ते चालाले लागले. एक पाखरू बोलत नवतं. मोहाचे फुलं टपटप पडत होते, तेवढाच आवाज, आन बांबूची करकर. ताटी मोठ्या सालईच्या झाडाकडं गेली. लोकाईच्या जिवात जीव आला, आता थांबन. नाई थांबली. झाडाले वळसा घालून ती मंगलीच्या घराकडं वळली.

मंगलीचं दार लावलेलं. दारापुढं सागाचा खांब, त्याले शिंकं टांगलेलं. आतून काई आवाज नाई. तिले समजलं होतं. तिनं असं कितीदा पाह्यलं होतं.

मी पाद्र्याकडं पाह्यलं. तो दमनीच्या चाकाले धरून उभा होता. ओठ हालत होते. मी म्हनलं, साहेब, जा ना, बोला ना काई. त्यानं ऐकलंच नाई जसं.

ताटी खांबापाशी आली. दांडा आन खांब, मधात हातभर जागा राह्यली. आन ताटी थांबली.

मागच्या दोघाईचे पाय अजून पुढं ढकलत होते. मुखरू वाकला होता. लालसू उभा होता. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या, घोटे मातीत रुतले होते, मानेची शीर ही एवढी. भरलेल्या गाडीले उतारावर एकट्यानं धरून ठेवावं, तसा.

तो वर मान करून भावाशी बोलला. हळू बोलला, पन एवढी शांतता होती का साऱ्याईले ऐकू गेलं. "पोचू, तू ओढतेस. मले समजून राह्यलं. पन पाय माह्ये हायेत."

झाडू बुढा म्हने, "लालसू, मेल्याची वाट अडवू नोको."

"मी नाई अडवत, बुढा. ज्याले वाटते तिथी जा लागते, त्यानं या, हा खांदा घ्या. मी सोडतो. पन त्यानं आधी सांगा, का ओढनारा पोचू हाये, आन चालनारा मी हाये."

गाव उभं होतं. तगडे मानसं उभे होते, पोचूसंग शिकारीले गेलेले. एकबी पुढं आला नाई. आधी बोलावलं असतं तं धावून आले असते, इमान सांगतो. त्यानं तसं म्हनलं आन मंग कोनाचा पाय उचलला नाई. मागचे दोघं बी ढकलाचे थांबले. एकमेकाईकडं पाहेनात.

शेवटी त्याईनं ताटी खाली ठेवली. मंगलीच्या दारापुढं, उन्हात. मेल्याले अर्ध्या वाटेत खाली ठेवत नाईत. बाया रडाच्या बंद झाल्या.

मंग सुकरी आली. केस सुटलेले, आवाज बसलेला. ती लालसूपुढं उभी राह्यली. म्हने, "मंग कोनी खाल्लं त्याले? सांग ना भासऱ्या. तुह्या देवानं खाल्लं का?"

लालसूचं तोंड मी पाहत होतो. त्याले काईबी म्हनता आलं असतं. नुसता दाराकडं हात केला असता तरी सुकरीचं दुख कुठी तरी जाऊन पडलं असतं, त्याचंबी. गुडघ्याची साल काढून त्यानं देवाले हाका मारल्या होत्या, आन देव आला नवता. राग तं त्यालेबी होता. दार समोरच होतं.

तो म्हने, "मले नाई माहीत, सुकरी."

ती ताटीपाशीच खाली बसली.

तवा दार उघडलं. मंगली बाहेर आली. एवढीशी बुढी, माह्या कमरेच्या थोडी वर. तिनं कोनाकडं पाह्यलं नाई. ताटीपाशी वाकली, पोचूच्या तोंडावरचं फडकं सरकलं होतं ते नीट केलं. म्हने, "उन्हात ठेवलं काऊन लेकराले?"

ती पोचूच्या तोंडाकडं पाहत राह्यली.

"याले मीच बाहेर काढलं होतं," ती म्हने. "पायाकडून येत होता. उचला आता." आन लालसूनं सोडलेल्या कोपऱ्यापाशी जाऊन तिनं पदर खोचला.

बाया ताटीले खांदा देत नाईत. आन जिच्यावर आळ, तिनं देल्ला असं तं कोनी ऐकलं बी नवतं. मुखरू भेवानं बाजूले झाला. त्याचा कोपरा लालसूनं घेतला. मागचे दोघं, काय करतीन, उठले. ताटी वर झाली, पन एका अंगाले झुकली, बुढी ठेंगनी होती ना. मंग लालसूनं गुडघे वाकवले. मसनवटीपर्यंत तो तसाच चालला, वाकलेल्या गुडघ्यानं, एक खांदा खाली करून, तिच्याबराबर. सुकरी मागं मागं गेली.

वाटेत एकदा ताटी मंगलीकडं झुकली. तिचा पाय घसरला म्हनून झुकली, का पोचू तिले काई सांगत होता, मी नाई सांगू शकत. ती थांबली, बांबूले गाल लावला, आन पुन्हा चालाले लागली.

परतताना पाद्री दमनीत बसला नाई, चाकाच्या बाजूनं पायी चालला. लई वेळानं म्हने, "वारलू, तू मला जा म्हणालास."

मी म्हनलं, हाव.

"मी ऐकलं होतं. लोकांना भ्यालो असं म्हणायला बरं वाटेल. पण तसंही नव्हतं. मी देवाची वाट बघत होतो. तो काहीतरी करील म्हणून." थोडं चालून म्हने, "लालसूचे पाय थांबले. माझे उचललेच नाहीत. दोघांचेही आपापलेच होते."

मी बैलाईले हो-हो केलं.

ईस्टरच्या दिवशी लालसू येईन असं मले वाटलं नवतं. आला. धुतलेलं धोतर, खांदा एकीकडं पडलेला, जसा त्या दिवशी पाडला होता. मिशनच्या लहान्या देवळात आठ-दहा मानसं होते, मी दारात बसलो होतो. पाद्र्यानं त्याले पुढं बोलावलं. तो गेला, पन मान खाली नाई केली.

म्हने, "पाद्रीभाऊ, आधी एक सांगा. त्या दिवशी तुमच्या देवानं मले थांबवलं का?"

"नाही. तू थांबलास."

"आन मी नसतो थांबलो तं?"

पाद्र्याच्या हातात पान्याचं भांडं होतं. तो खोटं बोलला असता तरी चाललं असतं, देवाच्या घरची गोष्ट, कोन पाहाले जाते. तो म्हने, "तर त्यानं तुला धरलं नसतं. तुझ्यापाशी उभा राहिला असता. तिच्यापाशीही. पण धरलं नसतं."

"दांडा लागू देल्ला असता."

"हो."

लालसू म्हने, "हेच मले झोपू देत नाई. पोचूचं भेव नाई वाटत मले. त्या हातभर जागेचं वाटते. तिथी कोनी नवतं. ना पोचू, ना देव. मी एकटाच होतो."

पाद्री म्हने, "कुंपण नव्हतं तिथे."

पोचूचं बोलनं दोघाईलेबी एकाच वेळी आठवलं असन, कारन दोघाईनंबी एकमेकाईकडं पाह्यलं. मंग लालसूनं मान वाकवली. पानी घेतलं. नाव लालसूच ठेवलं. पानी डोक्यावरून मानेवर आलं, तवा तो म्हने, थोडं या खांद्यावर बी टाका. पाद्र्यानं टाकलं. अंगातलं बंडं ओलं झालं.

"ओझं उतरलं का?" पाद्र्यानं इचारलं.

"नाई."

"माझंही नाही उतरलं," पाद्री म्हने, आन खिडकीतून बंगल्यामागच्या मोहाच्या झाडाकडं पाह्यलं.

मंगलीले गावानं हाकललं नाई. पन सगळंच गोड झालं असं नाई. काई घरं तिले बाळंतपनाले बोलवत, काई नाई. सुकरी तिच्याकडं जाऊन बसे, दोघी मोह निवडत. झाडू बुढा मरेपर्यंत म्हने का पोचूले उत्तर भेटलं नाई, तो अजून इचारत फिरून राह्यला. मोह पडाच्या दिवसात, भर दुपारी, त्या घरापुढून जानाऱ्या बायाईले बांबूची करकर ऐकू येई. मले बी आली. बांबूचं बन तिथून लई दूर हाये.

मंगली पुढं म्हातारपनानं गेली. तिले कोनी इचारलं नाई का तुले कोनी खाल्लं. लालसूनं पुढचा डावा खांदा देल्ला, तसाच गुडघे वाकवून, आता गरज नवती तरी. घर पडलं. खांब मात्र त्यानं पडू नाई देल्ला. दर उन्हाळ्यात येऊन त्याले वाळवी लागली का पाहे, तेल लावे. मी एकदा म्हनलं, लालसू, इथी आता कोन रायते? म्हने, कोनी नाई. मंग खांबापासून हातभर मांगं सरकून उभा राह्यला, आन म्हने, "भाऊ, कधी कधी येऊन पाहतो, अजून थांबता येते का."

तोबी गेला आता. खांबाले तेल मीच लावतो, वाटेत पडते म्हनून. बैल तिथी थांबले का आधी मी शेपटी पिरगाळत होतो. आता नाई पिरगाळत. उतरतो, चाकाले टेकून उभा रायतो. करकर ऐकू येते कधी, कधी नाई येत. मंग बैल आपल्यानं पाय उचलतात, आन मी मागून चढतो.